लिनक्सवर घरचं इंटरनेट घेताय? आधी तार बघा, मग पैसे द्या

“तुमचं नेट लिनक्सवर चालतं का?” हा प्रश्न विचारून कोल्हापुरात कुणाचा फायदा झालेला मी अजून पाहिला नाही. समोरचा एक तर “चालतंय की, काय बी चालतंय” म्हणतो, नाहीतर “ते काय असतंय ओ? विंडोज टाकून घ्या की” म्हणतो. दोन्ही उत्तरं निरुपयोगी, कारण प्रश्नच चुकलेला असतो.

विचारायचं ते असं: “लॉगिन कुठं होतं? भिंतीवरच्या डब्यात, का माझ्या संगणकावर?” लॉगिन डब्यात होत असेल तर पलीकडं लिनक्स आहे, विंडोज आहे की टीव्ही आहे, याच्याशी कंपनीला काहीच देणंघेणं नसतं. डबा आयपी पत्ता (नेटवरची संगणकाची ओळख) वाटतो आणि संगणक तो घेतो. लॉगिन संगणकावर होत असेल, तर मात्र ब्राउझरचं पान, यूजरनेम, मॅक पत्त्याचं (म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाचं) कुलूप अशा भानगडी सुरू होतात.

दुसरी चूक क्रमाची. आधी वर्षाचे पैसे भरायचे, मग वायरमन बोलवायचा, आणि तो गेल्यावर संगणक उघडून बघायचा. मीही एकदा हेच केलं होतं. बारा महिन्यांवर राउटर फुकट होता. वायरमननं स्वतःच्या विंडोज लॅपटॉपवर लॉगिन करून “झालं बघा” म्हटलं आणि निघून गेला. जोडणी त्याच्या लॅपटॉपच्या मॅक पत्त्याला बांधली गेली होती. माझा संगणक तीन दिवस नुसताच बसून होता, आणि फोनवर दोष लिनक्सला दिला जात होता. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## १. आधी स्वतःचा संगणक तपासा

“नेट लिनक्सवर चालत नाही” अशा तक्रारींत पुष्कळदा कंपनीचा काही संबंध नसतो. संगणकाचं वाय-फाय कार्ड लिनक्सला ओळखता आलेलं नसतं, एवढंच. हे नवी तार घरात येण्याआधी कळायला हवं.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एल-एस-पी-सी-आय ही पाच इंग्रजी अक्षरं मध्ये जागा न सोडता टाका. आतल्या कार्डाचं नाव दिसेल. यूएसबीचं वाय-फाय असेल तर एल-एस-यू-एस-बी टाका. इंटेल किंवा अथेरॉस दिसलं तर सहसा काळजी नसते. ब्रॉडकॉम दिसलं, विशेषतः जुन्या लॅपटॉपात, तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा घालावा लागण्याची शक्यता धरा. रियलटेकच्या छोट्या यूएसबी काड्या सगळ्यात बेभरवशाच्या. एकाच नावाच्या काडीत आवृत्ती बदलली की आतली चिप बदलते, आणि दुकानदाराला ते माहीत नसतं. काडी घ्यायचीच असेल तर चिपचं नाव बघून घ्या, डब्यावरचं मॉडेल बघून नको.

आता खरी मेख: ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटला ड्रायव्हर लागतो. यातून सुटायला अँड्रॉइड फोन यूएसबी तारेनं जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट तारेनं संगणकाला देणं) सुरू करा. उबुंटू, मिंट, फेडोरा या लिनक्सच्या तिन्ही प्रकारांवर फोन तारेच्या नेटवर्कसारखा दिसतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. तार मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटाची हवी.

सोबत या वस्तू जमवून ठेवा: लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह (जिच्यावरून काही न बसवता लिनक्स सुरू होतं), दोन-तीन मीटरची चांगली लॅन केबल, आणि लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबी-लॅन अडॅप्टर. नव्या पातळ लॅपटॉपांत ते भोक नसतं, आणि वायरमन आल्यावर हे लक्षात येतं.

तपासा: फोन टेदर करून संगणकावर नेट चाललं का? चाललं तर वाय-फाय कार्ड सोडून लिनक्सचं घर शाबूत आहे. पुढं काही बिघडलं तर दोष कुठं शोधायचा हे निम्मं ठरलं.

## २. तुमच्या गल्लीत कुठली तार येते ते बघा

जाहिरात शहराची असते, तार गल्लीची. राजारामपुरीत एका गल्लीत चार जण मिळतील आणि पाचगाव-मोरेवाडीच्या नव्या वसाहतीत एकच. म्हणून संकेतस्थळावर पिनकोड टाकून समाधान मानू नका. शेजाऱ्यांना विचारा, खांबाकडं बघा.

साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, फायबर थेट घरात. काळी किंवा पांढरी बारीक तार, टोकाला हिरवा किंवा निळा प्लास्टिकचा कनेक्टर, आणि भिंतीवर ओएनटी नावाचा, फायबरमधल्या प्रकाशाचं नेट करून देणारा डबा. बीएसएनएल, जिओ, एअरटेल आणि बरेच स्थानिक केबलवाले आता असंच देतात. लिनक्सवाल्यानं डोळे झाकून हाच प्रकार धरावा.

दुसरा, फायबर इमारतीच्या गच्चीपर्यंत आणि तिथल्या स्विचपासून (नेट अनेक घरांत वाटणाऱ्या डब्यापासून) तुमच्या खोलीपर्यंत लॅन केबल. जुन्या अपार्टमेंटांत अजून दिसतो. लॉगिन संगणकावर करायला लावण्याची पद्धत बहुतेक इथंच आढळते. शिवाय ही तार तांब्याची. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, गच्चीवर वीज कडाडते आणि त्या तारेतून झटका थेट संगणकाच्या लॅन पोर्टात येतो. पोर्ट अर्धवट मेलं की नेट कधी लागतं, कधी नाही, आणि दोन महिने आपण ड्रायव्हर बदलत बसतो. फायबर काचेची असल्यानं तिच्यातून हा झटका येत नाही. गच्चीवरून तांब्याची तार घ्यावीच लागली, तर ती संगणकात थेट खुपसू नका, मध्ये राउटर ठेवा. जळायचंच असेल तर हजार-दीड हजाराचा राउटर जळू दे.

तिसरा, गच्चीवर अँटेना लावून फाइव्ह-जीवर चालणारी जोडणी. लिनक्सला अडचण काहीच नाही, घरात शेवटी राउटरच येतो. पण टॉवरवर गर्दी झाली की वेग हलतो. फायबर पोचतच नसेल तेव्हाच घ्या.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीकडच्यांना सांगायला नको. तुमचं घर उंचावर असलं तरी तुमची तार ज्या पेटीतून येते ती कुठं आहे, हे विचारा. “पेटी कुठल्या खांबावर, किती उंचीवर?” एवढं विचारलं की माणूस जरा दचकतो, पण सांगतो. शहराबाहेर तार रस्ता ओलांडत असेल तर तिची उंचीही बघा. गळीत हंगामात उसाची ट्रॉली भरून जाते आणि लोंबती तार सोबत घेऊन जाते.

तपासा: त्याच गल्लीतल्या निदान दोन घरांना विचारा, “रात्री नऊ वाजता कसं चालतं?” दुपारचं उत्तर धरू नका.

## ३. फोनवर विचारायचे प्रश्न

लिनक्सचं नाव काढू नका. काढलंत की संभाषण तिथंच घसरतं. हे विचारा:

“पीपीपीओईचं यूजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये टाकता ना? ते मला लिहून मिळेल ना?” पीपीपीओई म्हणजे यूजरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडायची पद्धत. बीएसएनएलच्या फायबरला ती असते, स्थानिक कंपन्यांतही पुष्कळदा तेच असतं. यूजरनेम-पासवर्ड तुमच्या हातात असेल तर उद्या स्वतःचा राउटर लावता येतो. काही मोठ्या कंपन्यांच्या डब्यात हे आतच असतं, तुम्हाला काही टाकावं लागत नाही. तेही चालेल.

“ब्राउझरमध्ये पान उघडून रोज लॉगिन करावं लागतं का?” उत्तर “हो” असेल तर शक्यतो दुसरा पर्याय बघा. संगणकापेक्षा टीव्ही आणि घरातली बाकीची उपकरणं इथं जास्त अडतात.

“मॅक बाइंडिंग आहे का, आणि पत्ता बदलायचा झाला तर कुणाला सांगायचं?” म्हणजे वर सांगितलेलं मॅक पत्त्याचं कुलूप.

“मला पब्लिक आयपी मिळतो का?” म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता. नुसतं बघण्या-वाचण्यासाठी नेट लागत असेल तर हा प्रश्न सोडा. पण लिनक्सवाले बरेचदा घरी छोटा सर्व्हर चालवतात, बाहेरून घरच्या संगणकात एसएसएच करतात, म्हणजे दूरून त्याचं टर्मिनल उघडतात. बहुतेक घरगुती जोडण्यांवर एकच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा आयपी) पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, मग बाहेरून आत येता येत नाही. स्थिर आयपी वेगळे पैसे घेऊन मिळतो का, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळतो का, दोन्ही विचारा. जिओवर आयपीव्ही६ मिळतो, छोट्या कंपन्यांत हमखास धरू नका.

“सांगताय ती रक्कम जीएसटी धरून का?” १८ टक्के लागतो. ६०० रुपयांचं पॅकेज हातात येताना ७०८ होतं.

पॅकेजसोबत फुकट ओटीटी देतात, त्याला भुलून निवड करू नका. लिनक्सच्या ब्राउझरवर काही सेवा पूर्ण दर्जाचं चित्र देतच नाहीत. ते सगळं टीव्हीवर बघणार असाल तर ठीक.

सावधान: “तुम्हाला आमचं सॉफ्टवेअर टाकावं लागेल” असं कुणी म्हणालं तर कशासाठी ते विचारा. बिल भरायचं फोनमधलं अॅप असेल तर हरकत नाही. नेट जोडण्यासाठीच विंडोजचा प्रोग्राम लागत असेल, तर फोन ठेवून द्या.

## ४. पैसे देण्याआधी शेजाऱ्याकडं लाइव्ह पेनड्राइव्ह

ही पायरी सगळे गाळतात. ज्या कंपनीचं घ्यायचं तिचं नेट असलेलं एक घर शोधा, चहाला जा, लॅपटॉप घेऊन जा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, म्हणजे तुमच्या जुन्या सेटिंगांचा संबंध राहत नाही.

आधी लॅन केबल लावा. आपोआप नेट आलं तर लॉगिन डब्यात आहे, मुख्य प्रश्न मिटला. मग वाय-फाय. लॅनवर चालतं आणि वाय-फायवर नाही, तर दोष तुमच्या कार्डाचा किंवा राउटरच्या सेटिंगचा. कंपनी बदलून तो जाणार नाही.

वाय-फायचं नावच यादीत दिसत नसेल तर राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर आहे का बघा. लिनक्समध्ये देशाची सेटिंग चुकीची असली की हे चॅनेल दिसतच नाहीत. राउटर १, ६ किंवा ११ वर आणला की नाव दिसू लागतं. जुनं कार्ड आणि फक्त डब्ल्यूपीए३ वर (वाय-फायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर) ठेवलेला राउटर, ही जोडीही जमत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा.

सगळं चाललं तर पहिल्यांदा एक महिन्याचंच पॅकेज घ्या. वर्षाला दोन महिने फुकट मिळतात हे खरं, पण वर्षाचं पॅकेज दुसऱ्या महिन्यात घेतलं तरी ते मिळतात.

## ५. जोडणीचा दिवस

वायरमनला घाई असते. संध्याकाळपर्यंत त्याला फुलेवाडी आणि कळंबा दोन्ही करायचं असतं. म्हणून क्रम तुम्ही धरून ठेवायचा.

आधी डब्याची जागा. घराच्या मध्याजवळ, इन्व्हर्टरचा प्लग असेल तिथं. तार आत येते तिथंच डबा ठोकला की मागच्या खोलीत वाय-फाय जात नाही. फायबर तार कोपऱ्यात करकचून वळवू देऊ नका. तुटलेली दिसत नाही, पण प्रकाश गळतो.

मग सिग्नल. ओएनटीच्या पानावर (बहुधा १९२.१६८.१.१) येणाऱ्या प्रकाशाचा आकडा असतो. उणे १५ ते उणे २५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) असला तर चांगला. उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालेल, पण पुढं तुटत राहील. वायरमनकडं मोजायचं यंत्र असतं. “जरा रीडिंग दाखवा की” म्हणा आणि आकड्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या तक्रारीला हाच फोटो कामी येतो.

तिसरं, लॉगिन डब्यातच करून घ्या. तो त्याचा लॅपटॉप काढू लागला तर हात जोडून थांबवा: “दादा, माझ्याच संगणकावरून करू, डब्याचं पान तर उघडायचंय.” ते पान फायरफॉक्समध्ये लिनक्सवरही तसंच उघडतं.

चौथं, लॅन केबल, आणि इथं जरा थांबा. आपल्याकडं आठ तारांच्या केबलमधल्या चारच तारा क्रिंप करायची (कनेक्टरमध्ये दाबून बसवायची) सवय आहे. चार तारांवर १०० एमबीपीएसपेक्षा जास्त जाऊ शकत नाही. तुम्ही २०० चं पॅकेज घेता, मोजल्यावर ९४ दिसतं आणि फोनवर सांगतात, “लिनक्समध्ये ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल.” नेटवर्क सेटिंगमध्ये तारेच्या जोडणीचा लिंक वेग बघा. १००० दिसला पाहिजे. १०० दिसला तर कनेक्टरच्या पारदर्शक टोकात डोकावून तारा मोजा. आठ असूनही १०० दिसला तर डब्याचं पोर्टच तेवढं आहे का बघा, काही स्वस्त ओएनटींचं असतं.

वेग मोजायचा तो तारेवर आणि ब्राउझरमध्येच. वाय-फायवर मोजलेला वेग नुसता कंपनीचा नसतो, तुमच्या भिंतींचाही असतो. डाउनलोडच्या खिडकीत आकडा आठपट लहान दिसला तर घाबरू नका, तिथं मेगाबाइट असतात.

तपासा, वायरमन दारात असतानाच: डबा बंद करून पुन्हा सुरू करा. कुणीही काही न टाकता नेट आपोआप परत आलं पाहिजे. आलं नाही तर काम अर्धं आहे, सही करू नका.

## ६. लॉगिन संगणकावरच करावं लागलं तर

काही इमारतींत दुसरा पर्यायच नसतो. तेव्हा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे स्वतःचा राउटर घेऊन पीपीपीओई त्यात टाकणं. मॅक बाइंडिंग असेल तर राउटरच्या पानावर मॅक क्लोन नावाची सोय असते. आधी नोंदवलेला पत्ता तिथं टाकला की काम होतं.

राउटर येईपर्यंत संगणकावरच चालवायचं असेल तर मिंटमध्ये नेटवर्क कनेक्शन्स, उबुंटूत अॅडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन उघडा, अधिकचं चिन्ह दाबा आणि यादीतून डीएसएल/पीपीपीओई निवडा. यूजरनेम-पासवर्ड टाका. साध्या सेटिंगच्या खिडकीत हा पर्याय दिसला नाही म्हणून “लिनक्सला जमत नाही” असं ठरवून लोक मोकळे होतात.

जोडणी झाली, पण काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, तर बहुधा एमटीयूचा (डेटाच्या एका पाकिटाच्या कमाल आकाराचा) घोळ. पीपीपीओई प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, म्हणून १५०० च्या जागी १४९२ ठेवा.

ब्राउझरचं लॉगिन पान येत नसेल तर तीन गोष्टी बंद करा: व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सोय), हातानं टाकलेला डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा), आणि फायरफॉक्समधला सुरक्षित डीएनएस. आपण गोपनीयतेसाठी हे सगळं लावून बसतो आणि लॉगिनचं पान नेमकं त्यामुळंच अडतं. मग एस नसलेला, साधा एचटीटीपी पत्ता उघडा. कुलूपवाल्या पत्त्यावरून हे पान नीट पुढं ढकललं जात नाही. नेट दर थोड्या वेळानं लॉगआउट होत असेल तर जोडणीच्या सेटिंगमध्ये मॅक पत्ता यादृच्छिक (सारखा बदलणारा) ठेवलाय का बघा, तो कायमचा करा.

## ७. पहिला महिना: मोजा आणि लिहून ठेवा

रात्री आठ ते अकरा या वेळात दोन टर्मिनल उघडा. एकात राउटरच्या पत्त्याला पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी आज्ञा) लावा, दुसऱ्यात बाहेरच्या ८.८.८.८ ला. राउटरला उशीर होत असेल तर भांडण घरातलं आहे: वाय-फाय, तार, कार्ड. राउटर झटपट उत्तर देतो आणि बाहेरचं अडखळतं, तर कंपनीकडं जा. तक्रार करताना “स्लो आहे” म्हणू नका, “तारेवर, राउटरला एक मिलिसेकंद, बाहेर पाकिटं गळतायत, काल रात्री साडेनऊला” असं सांगा. एवढं ऐकल्यावर विंडोजचा विषय निघत नाही. निघालाच तर त्याच वाय-फायवर फोन लावून तीच अडचण दाखवा.

पब्लिक आयपी हवा होता त्यांनी राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता (राउटरला बाहेरून मिळालेला) आणि “माझा आयपी” दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर पत्ता वाटून दिलेला आहे. पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी घरच्या संगणकाकडं वळवण्यावर) रात्री घालवू नका, कंपनीलाच स्थिर आयपी मागा.

प्रत्येक तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. वायरमनच्या व्हॉट्सअॅपवर काम लवकर होतं, पण नोंद राहत नाही. तक्रार केंद्रावर सुटलं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं जाता येतं, आणि तिथं हा क्रमांक मागतात.

शेवटी डब्याच्या मागं एक कागद चिकटवा: पीपीपीओईचं यूजरनेम-पासवर्ड, ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर, पहिल्या दिवसाचा डीबीएम आकडा. हा कागद फक्त संगणकात ठेवू नका. नेट गेलेलं असतं त्याच दिवशी तो लागतो, आणि तेव्हा घरात तुम्ही असालच असं नाही.